मोहिनीच्या लग्नातली धून

पुणे,
१२ जुलै २०२५

लोटनमामा, चेतनाचा वाकून नमस्कार.

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नका, सगळं ठीक आहे. परवा फोनवर मी तीनदा विचारलं, "मामा, तब्येत कशी आहे?" आणि तिन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "पपई चांगली शे, पन पानी नही." शेवटी मी इतकी ओरडले की शेजारच्या काकू दार वाजवून, कुणाशी भांडतेस म्हणून विचारून गेल्या. मनमोहक ब्रास बँडमध्ये पस्तीस वर्षं साइड ड्रमला खेटून क्लॅरिनेट वाजवलीत, त्याचं हे बक्षीस. धनुमामी म्हणाली, "त्यास्ले चिठ्ठी टाक. वाचतस बी आनि उत्तर बी देतस." म्हणून हे पत्र.

बातमी अशी, की माझा पहिला अल्बम पूर्ण झाला. नऊ गाणी, सगळी आपल्या अहिराणीत, पण सोल आणि ब्लूजच्या वळणाची, नाव ‘दुपारनी सावली’. गिटार, पेटी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बेस, ड्रम, सगळं मीच वाजवलंय. एक वाद्य वाजवून झालं की ते खाली ठेवायचं, दुसरं उचलायचं आणि आपल्याच आधीच्या वाजवण्याबरोबर वाजवायचं. रेकॉर्डिंग करतो त्या मुलाचं नाव तरुण, शहाद्याच्या कांतीलाल शेठ कापडवाल्यांचा धाकटा. तुमच्या बँडचे लाल कोट त्यांच्या दुकानातल्या कापडाचे होते, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगतो.

आता तुम्ही विचाराल, हे सोल आणि ब्लूज म्हणजे काय असतं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गाणी. शेतात राबणाऱ्यांनी आणि चर्चमध्ये गाणाऱ्यांनी केलेली. ब्लूजमध्ये एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. गंधार थोडा खाली ओढायचा, पण पडू द्यायचा नाही. सोल म्हणजे तेच दुःख, पण उभं राहून, छाती भरून गायचं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते परकं वाटलंच नाही. आपल्याच कुणाचं तरी वाटलं.

आता मुद्द्याचं. आई अजून माझ्याशी बोलत नाही. फेब्रुवारीत शाळेची नोकरी सोडून इकडे निघाले तेव्हा ती म्हणाली होती, "वाजाडनारास्ले लोके मांडवना बाहेर उभा करतस. मन्हा भाऊले मी देखेल शे. तुले बी तठेच उभं ऱ्हानं व्हई तर मले फोन करू नको." तरी मी दर रविवारी करते. घंटा वाजते आणि बंद होते. नाना बापाच्या मायेने त्यांच्या फोनवरून अख्ख्या ब्राह्मणपुरीची खबर देतात, फक्त आईची देत नाहीत. पाच महिने झाले, मामा. मला तिची फार आठवण येते.

म्हणून अल्बममधलं शेवटचं गाणं तिच्यासाठी केलंय. तिच्या बिदाईला तुम्ही वाजवलेली धून. नवरीचे भाऊ असून तुम्ही लाल कोट घालून बँडमध्ये उभे होता, आई गाडीत बसली आणि तुम्ही सुरू केलीत. "मन्हा भाऊ तोंडघाई रडना नही, क्लॅरिनेटघाई रडना," असं म्हणून तुम्ही क्लॅरिनेटने कसे रडलात ते ती अजून सांगते. भांडी घासताना ती धून गुणगुणते, तिथूनच मी उचलली आणि सात मिनिटांचं गाणं उभं केलं. कव्हरवर छापायचंय, ‘धून: लोटनमामा, बहिणीच्या बिदाईसाठी’. त्या धुनेला काही नाव होतं का? तेवढं कळवा, छपाई त्यासाठीच थांबवून ठेवलीय.

तुमची भाची, एकटीच अख्खी बँड पार्टी,
चेतना

*

म्हसावद,
२१ जुलै २०२५

चि. चेतना, मामा-मामीचे आशीर्वाद.

तब्येत चांगली आहे. पपईला खरंच पाणी नाही, त्यामुळे फोनवरचं उत्तर चुकीचं नव्हतं.

तुझं पत्र मी मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. नऊ गाणी आणि सहा वाद्यं एकटीने म्हणजे मजा आहे. मी जन्मभर एकच वाजवलं आणि त्यातही चार चाव्या अजून माझं ऐकत नाहीत. एक ओळ दोनदा म्हणून तिसरीत उत्तर द्यायचं ही रीत हळदीला बसलेल्या आपल्या बायकांचीच आहे की. अमेरिकेत कुणी नेली ते बघायला हवं. आणि गंधार खाली ओढला म्हणून आमच्या बँडच्या इंद्रसिंग मास्तरांनी मला भर वरातीत चापट मारली होती. मी ब्लूज वाजवत होतो हे त्या बिचाऱ्याला काय माहीत!

त्या धुनेचं म्हणशील तर ती काही खास नाही गं. नाव वगैरे नव्हतं. कव्हरवर माझं नाव टाकू नकोस, बरं दिसत नाही. त्यापेक्षा मी तुला दुसऱ्या चार धुना लिहून पाठवतो. एक तर अशी आहे की वरात निघताना वाजवली की आजारी नवरदेवसुद्धा घोडीवर नीट बसायचा. त्यातली घे. सात मिनिटं वाजवलीस हे वाचून मला घाम फुटला. आम्ही ती दोन मिनिटांच्या वर कधी वाजवली नाही, तशी वेळच यायची नाही.

तुझ्या आईचं, मोहिनीचं, मनाला लावून घेऊ नकोस. लहानपणापासून ती अशीच. एकदा माझ्यावर रुसली तेव्हा महिनाभर माझ्याशी मामीमार्फत बोलत होती, आणि तेव्हा मी स्वतः तिथे समोर बसलेला असायचो.

मामाकडून आणि कमी पाण्याच्या पपईकडून शुभेच्छा.
लोटन

*

पुणे,
३ ऑगस्ट २०२५

मामा,

खरं सांगते, तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं. हसवलंत खूप, पण मधल्या परिच्छेदात तुम्ही हळूच हात काढून घेतलात. तुम्हालाही हे इंग्रजी वळणाचं वाजवणं कमीपणाचं वाटतं का? की आईला बरं वाटावं म्हणून माझ्या अल्बमवर नाव नको? सगळ्या जगात एक माणूस असा होता की ज्याने मला पेटी दिली, क्लॅरिनेट दिली, शाळा बुडवून वाजवायला बसले तर आईपासून लपवलं. तोच म्हणतो, माझं नाव टाकू नको.

दुसरी धून घेता येणार नाही, कारण एक गोष्ट घडलीय. मामीने तुम्हाला सांगितली नसेल. नागपंचमीला आई म्हसावदला आली होती तेव्हा मी पाठवलेलं ते गाणं मामीने स्वतःच्या मोबाइलवर लावलं. आई तीन वेळा ऐकत बसली. डोळे पुसले. आणि मग विचारलं, "पोर येळवर जेवस का?" पाच महिन्यांत माझ्याबद्दलचा हा पहिला प्रश्न, मामा! मी तो मामीकडून फोनवर ऐकला आणि जिन्यातच बसले.

म्हणून ठरवलंय. २ नोव्हेंबरला, रविवारी, शहाद्यात कार्यक्रम करायचा. हॉल मिळालाय. आठ गाणी मी एकटी करणार आणि शेवटचं, आईचं गाणं, मनमोहक बँडच्या जुन्या मंडळींबरोबर. सगळ्यांना मी परस्पर फोन करून टाकलेत. इंद्रसिंग मास्तर येतो म्हणाले. ढोलवाले जान्याकाका पण येतो म्हणाले. ‘मोहिनीच्या बिदाईची धून वाजवायचीय’ म्हटल्यावर ते इतका वेळ हसले की मला वाटलं फोन बिघडला. कारण विचारलं तर म्हणाले, तुझ्या मामाला विचार.

तर विचारते. काय झालंय?

चेतना

*

म्हसावद,
१४ ऑगस्ट २०२५

चि. चेतना,

तू जान्याला फोन केलास! आता लपवण्यात काही अर्थ उरला नाही. हे पत्र एकटीने वाच. आधी पाणी पिऊन घे.

त्या धुनेला नाव होतं. ‘ताटली’.

बँडवाल्यांची एक रीत सांगतो, जी मांडवातल्या लोकांना कधी कळत नाही. ज्याने बँड ठरवला त्याने बँडला जेवायला घालायचं. पण लग्नाच्या गडबडीत लोक विसरतात. आपण मागायचं नाही, अंगावर कोट असताना तोंडाने भाकर मागायची नाही, हा इंद्रसिंग मास्तरांचा नियम. मग करायचं काय? तर मास्तर डोळ्याने खूण करायचे आणि मी ही धून सुरू करायचो. ढोल थांबायचा, साइड ड्रम थांबायचा, एकटी क्लॅरिनेट रडत राहायची. याचा अर्थ, बँड उपाशी आहे, पान वाढल्याशिवाय पुढे ठोका पडणार नाही. जाणता यजमान असला की दोन मिनिटांत स्वयंपाक्याला हाक जायची.

आता तुझ्या आईचं लग्न. एकोणीसशे नव्व्याण्णव, मे महिना. बँड ठरवला होता तुझ्या नानांकडच्यांनी, पण बँड आमचाच, आणि त्यात मी नवरीचा भाऊ. नानांकडच्यांना वाटलं, भाऊच वाजवतोय म्हणजे नवरीकडचे जेवू घालतील. आमच्या घरच्यांना वाटलं, बँड नवरदेवाचा, तिकडे जेवले असतील. सकाळी नऊपासून आम्ही अकरा जण वाजवतोय. वरात झाली, मंगलाष्टका झाल्या, पंगती उठल्या, खरकटी पानं आमच्या समोरून गेली. मी भाऊ म्हणून चुलीपाशी जाऊन सांगू शकलो असतो. पण अंगात कोट होता. भाऊ म्हणून जाऊ की बँडवाला म्हणून उभा राहू, हेच मला ठरवता येईना. चार वाजले. मोहिनी गाडीत बसायला निघाली, मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "लोटन, ताटली."

मी वाजवली. जीव ओतून वाजवली, कारण भूकही तशीच होती. सगळा मांडव रडायला लागला. नवरदेवाचे काका तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. जेवणाचं कुणी विचारलं नाही. मोहिनी गाडीतून डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघत रडत होती. मला वाटलं, हिला कळलं, आता ही कुणाला तरी सांगेल. गाडी निघून गेली. आम्ही रस्त्यात केळी घेतली.

राखीला ती माहेरी आली तेव्हा ओट्यावर बसून सगळ्या बायकांना सांगत होती, भाऊ क्लॅरिनेटने कसा रडला ते. मी आत चहा पीत होतो. बाहेर येऊन काय सांगू, की ताई, तो मी नव्हे, माझं पोट? मी खोटं कधी बोललो नाही. नुसता गप्प बसलो. बघता बघता सव्वीस वर्षं झाली.

आता मला दुसरीच भीती वाटते. पाच महिन्यांनी ती तुझ्याबद्दल एक वाक्य बोलली ते या धुनेमुळे. तिला खरं कळलं तर ती माझ्याशीही बोलणार नाही आणि तुझ्याशीही. आणि शहाद्यात जान्या स्टेजवर चढला की हसल्याशिवाय राहणार नाही. काय करायचं ते सांग. तुझ्या मामाला काही सुचत नाही.

लोटन

*

पुणे,
३० ऑगस्ट २०२५

मामा,

दहा दिवस उत्तर दिलं नाही, कारण पहिले दोन दिवस मी हसत होते. तरुणला वाचून दाखवलं तर तो खुर्चीवरून घसरला. मग त्याने गाणं पुन्हा लावलं. आम्ही दोघं ऐकत बसलो आणि हसू हळूहळू गेलं. अकरा माणसं सबंध दिवस दुसऱ्याच्या आनंदात वाजवतायत आणि त्यांना कुणी जेवायला विचारत नाही. ज्या लोकांनी ब्लूज केला त्यांनी तरी दुसरं काय सांगितलं? धून खरी आहे, मामा. फक्त तिच्यावर मी चुकीची चिठ्ठी चिकटवली.

नंतर राग आला. तुमचा नाही, माझाच. आईला जिंकायला मी तिचीच आठवण वापरत होते, आणि ती आठवण तपासूनही पाहिली नव्हती.

मी ठरवलंय ते ऐका. कव्हरवर फक्त ‘धून: मनमोहक ब्रास बँड, म्हसावद’ एवढं छापायला दिलंय. ते तर खरं आहे. पण आईसमोर ती तिच्या बिदाईची म्हणून मी वाजवणार नाही. भाऊबीजेला तुम्ही ब्राह्मणपुरीला जालच. तेव्हा तुम्ही तिला सांगा. मी सांगायला गेले असते, पण माझा फोन ती घेत नाही आणि दारात उभी राहिले तर कार्यक्रमासाठी गोड बोलायला आले असं तिला वाटेल. तुमच्याने झालं नाही तर शहाद्यात मी आठच गाणी करीन. त्यामुळे ती माझ्याशी कधीच बोलली नाही तरी चालेल, असं मी म्हणणार नाही. चालणार नाही. पण खोट्या गोष्टीवर बोलायला लागली तर तेही मला पचणार नाही.

आणि एक विचारायचंय. विचारू नये बहुतेक. ती गेली तेव्हा तुम्हाला खरंच भुकेशिवाय काही वाटलं नव्हतं?

चेतना

*

म्हसावद,
२४ ऑक्टोबर २०२५

चि. चेतना,

काल भाऊबीज झाली. सांगितलं.

आधी ओवाळून घेतलं, म्हटलं नंतर तिने ताम्हण फेकलं तर निदान ओवाळणं झालेलं असावं. तुझे नाना बाजूला चकली खात बसले होते. मी जमिनीकडे बघत सगळं बोलून टाकलं. ताटली, कोट, केळी, सगळं. मला वाटलं, आता मोहिनी रडेल. वर पाहिलं तर तिचा चेहरा लाल झालेला.

म्हणाली, "मन्हा लगनमा बँडवाला उपाशी गयात?"

धुनेचं एक अक्षर नाही! मी म्हटलं, "हो ताई." तशी ती नानांकडे वळली. "तुम्हनाकडना लोके!" नाना चकली तोंडातच धरून म्हणाले, "मले वाटनं तुम्हनाकडे जेवनात." अशा रीतीने सव्वीस वर्षांनी दोन्हीकडच्यांचा खुलासा झाला. मग ती माझ्याकडे वळली. "कितला जण व्हतात? नावं सांग." मी सांगितली. अकरातले तीन गेले हे ऐकून ती खाली बसली. ते तिघं कोण, कुठले, त्यांना मुलंबाळं किती, सगळं विचारलं. मग उठून मला ताट वाढलं, आणि एवढं वाढलं की मला भिंतीला धरून उभं राहावं लागलं. पण जेवताना माझ्याशी एक शब्द बोलली नाही. निघताना मी विचारलं, "दोन तारीखले शहादाले येशी ना?" ती ताम्हण उचलून आत गेली. म्हणून ती येईल असं मी तुला खात्रीने लिहू शकत नाही. मी माझं काम केलं.

आता तुझा प्रश्न. दोन महिने तो उशीखाली ठेवून झोपतोय.

मोहिनीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी प्रकाशा गावाला आमची वाजवणी होती. लग्नाआधी दर वाजवणीला माझा कोट मोहिनी तयार ठेवायची. बटणं चिंचेने घासून, कॉलर ब्रशने झाडून. त्या सकाळी मी सवयीने खुंटीकडे हात केला आणि "ताई, कोट" म्हणालो. खुंटी रिकामी होती. कोट आदल्या दिवशीच्या हळदीच्या डागांसकट मी टाकला तिथेच पडला होता. मी तो घातला, प्रकाशाला गेलो आणि क्लॅरिनेट तोंडाला लावली. फुंकच निघेना. मास्तरांनी दोनदा पाहिलं, मग माझ्या हातात झांज दिली. अख्खं लग्न मी झांज वाजवली.

बहिणीच्या बिदाईची धून मी कधी वाजवलीच नाही, चेतना. ज्या दिवशी वाजवायची होती त्या दिवशी वाजवता आली नाही. हे मी काल तिला सांगणार होतो, पण ते तोंडाने सांगणं मला जमलं नाही. तुला वाटलं तर तू सांग.

लोटन

*

ब्राह्मणपुरी,
४ नोव्हेंबर २०२५

चि. चेतनास,

मी सातवीपर्यंत शिकलेली आहे, चुका असतील तर काढत बसू नकोस.

रविवारी कार्यक्रम संपल्यावर मी तुला न भेटता निघून आले, त्यावर तू रात्री घरी येशील असं वाटलं होतं. तू आली नाहीस, मामाकडेच राहिलीस. बरोबर केलंस. मीच तुला सांगितलं होतं फोन करू नको म्हणून, घरी ये असं तरी कधी म्हटलं? सोमवारी पुण्याला गेलीस असं नानांकडून कळलं. मी भेटायला थांबले नाही त्यात राग नव्हता. तोंडाने बोलायला गेले असते तर सगळ्या शहाद्यासमोर रडले असते.

वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी पिकअपमधून आणली तेव्हा तू मला थांबवायला धावलीस, कार्यक्रमाला उशीर होईल म्हणून. होऊ दे उशीर. हॉलमध्ये लोक बसले होते, बसू दे. जेवल्याबिगर माझ्यासमोर पुन्हा कुणी वाजवणार नाही हे मी ठरवूनच आले होते. आठ माणसं रांगेत बसली आणि मी एकेकाला वाढलं. इंद्रसिंग मास्तर म्हणाले, "ताई, सव्वीस वरीसमा भूक मरी गयी," आणि सहा बट्ट्या खाल्ल्या. जे तीन नाहीत त्यांच्या घरी मी काल डबे पोचवले. तू पण त्या रांगेत बसलीस, मी तुला वाढलं आणि बोलले नाही.

मग तुम्ही शेवटचं गाणं वाजवलं. जान्या हसला, मास्तर हसले, तुझा मामा तर वाजवता वाजवता हसला, आणि तू लोकांना खरं कारण सांगितलंस तेव्हा सगळा हॉल हसला. मी पण हसले. नंतर तू मामाची झांजेची गोष्ट सांगितलीस तेव्हा मात्र मी उठून बाहेर गेले. तुझा मामा गाढव आहे. ही गोष्ट त्याने मला तेव्हाच सांगितली असती तर मी दर महिन्याला माहेरी गेले असते.

आता एक गोष्ट मी सांगते, जी मी कुणालाच सांगितली नाही. त्या दिवशी मी पण जेवले नव्हते. नवरीला लग्न लागेपर्यंत उपास होता, आणि लग्न लागल्यावर नवरीला जेवू घालायचं हे पण सगळे विसरले. सासरच्या बायकांना वाटलं आईने भरवलं असेल, आईला वाटलं तिकडच्या पंगतीला बसली असेल. मागायची लाज वाटली. गाडीत बसले तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येत होती, आणि बाहेर भाऊ ती धून वाजवत होता. मी म्हणत आले की तो माझ्यासाठी रडला. तो त्याच्या पोटासाठी रडत होता आणि मी माझ्या. दोघांनाही कुणी विचारलं नव्हतं. ती धून माझ्या अंगात इतकी वर्षं का राहिली ते मला आता कळलं. ती माझी नव्हती असं तू मला सांगू नकोस. ती माझीच होती. गाणं आहे तसं ठेव.

वाजवणाऱ्याला लोक मांडवाबाहेर उभं करतात, असं मी तुला म्हणाले होते. ते लोक कोण, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. ते आम्हीच. माझ्याच मांडवाबाहेर माझा भाऊ उभा होता आणि मी तुला सांगत होते की तू तिथे जाऊ नको. सांगायला हवं होतं आमच्यासारख्यांना, की त्यांना आत बोलवा. मी चुकीच्या माणसावर रागावले. नऊ महिने रागावले. तुझे फोन यायचे तेव्हा मी फोन समोर ठेवून बघत बसायचे, आणि बंद झाला की तुझ्या नानांवर ओरडायचे.

तू स्टेजवर एक वाद्य ठेवून दुसरं घेत होतीस तेव्हा मागची बाई म्हणाली, ही कुणाची पोरगी? मी मागे वळून सांगितलं.

रविवारपर्यंत थांबू नकोस. हे पत्र हातात पडलं की लगेच फोन कर. मी आत्तापासून फोन जवळ घेऊन बसले आहे.

आई